एफडीच्या पैशातून मूनस्टोनचा जुना हार घ्यावा का?

प्रश्न : मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते, शाळेत शिक्षिका आहे. ओळखीतून एका जुन्या दागिन्यांच्या विक्रेत्याकडे मूनस्टोनचा हार पाहिला. नऊ अंडाकृती खडे, सोन्याच्या घरात बसवलेले, मागची बाजू उघडी. मधला खडा १० बाय ८ मिलिमीटर. एकूण वजन १८ ग्रॅम, फाशाजवळ ‘९’ आणि ‘.३७५’ असा ठसा. हार १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये घडलेला, कामठीच्या छावणीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरातून आलेला, असं ते सांगतात. किंमत १ लाख ८५ हजार. बिल नको असेल तर १० हजार कमी. पाच वर्षांत दुप्पट होईल म्हणाले. माझी ४ लाखांची एफडी या महिन्यात सुटते आहे. मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला दोन वर्षं आहेत. यजमान म्हणतात, त्यापेक्षा सोन्याचं वेढणं घे. माझ्याकडे आजेसासूबाईंची मूनस्टोनची चांदीची अंगठीही आहे, तिचा खडा हलतो. फोटो सोबत पाठवले आहेत. काय करावं?

उत्तर : ताई, हा हार या किमतीला घेऊ नका, आणि मुलीच्या प्रवेशाचे पैसे तर अशा कुठल्याच दागिन्यात घालू नका. हार खोटाच आहे असं आमचं म्हणणं नाही, तो चांगलाही निघू शकेल. पण जुना मूनस्टोन विकायचा म्हटलं की त्याची पारख असलेलं गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि त्यात महिने जातात. कॉलेजची फी भरायची तारीख तेवढी थांबत नाही. इतवारीच्या सराफ्यात सोन्याचा भाव रोज निघतो, मूनस्टोनचा कुठेच निघत नाही. हा हार तिथे मोडीत नेलात, तर खडे काढून तुमच्या हातात ठेवतील आणि उरलेलं सोनं काट्यावर चढवतील.

ते सोनं किती भरेल, हे घरबसल्या काढता येतं. कॅबोशॉन, म्हणजे वरून घुमटासारखा आणि खालून सपाट घासलेला खडा, न काढताही त्याचं वजन अंदाजता येतं. डिजिटल कॅलिपरने लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. तिन्हींचा गुणाकार करा, त्याला मूनस्टोनच्या विशिष्ट गुरुत्वाने म्हणजे २.५७ ने आणि शेवटी ०.००२६ ने गुणा. उत्तर कॅरेटमध्ये येतं (हे खड्याच्या वजनाचं माप, ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम; सोन्याच्या कसाचं कॅरेट वेगळं). मधल्या खड्याची जाडी ४ मिलिमीटर धरली तर तो साधारण २.१४ कॅरेटचा. नऊच्या नऊ खडे तेवढेच मोठे मानले तर १९ कॅरेटच्या थोडं वर, म्हणजे ३.८५ ग्रॅम. १८ मधून ते वजा केले की धातू उरतो १४.१५ ग्रॅम. ९ कॅरेटच्या सोन्यात शुद्ध सोनं ३७.५ टक्के, म्हणून शुद्ध सोनं ५.३ ग्रॅम. त्याला त्या दिवसाचा २४ कॅरेटचा भाव लावा, त्यातून गाळणीची घट वजा करा. एवढी झाली हाराची मोडीची किंमत. १ लाख ८५ हजारांतून ती वजा केल्यावर जे उरतं, ते तुम्ही वय, घडण आणि खड्यांची निळी झाक यांसाठी देणार आहात. ती रक्कम रास्त असूही शकते, पण ते दाखवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

‘मूनस्टोन महाग होणार’ हा युक्तिवादच मुळात कच्चा आहे. मूनस्टोन हा फेल्डस्पार नावाच्या खनिजांच्या कुळातला खडा. त्यात ऑर्थोक्लेज आणि अल्बाइट या दोन खनिजांचे अतिपातळ थर एकाआड एक असतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि आत तरंगणारी झाक दिसते. थर जितके पातळ, तितकी झाक निळी. नितळ अंगाचा, गडद निळ्या झाकेचा माल श्रीलंकेतल्या मीटियागोडाचा नावाजलेला. आपल्याकडे तमिळनाडूत कांगेयमच्या परिसरात पांढरट, करडे, पीच रंगाचे खडे निघतात. साधा मूनस्टोन दुर्मिळ नाही. जुन्या बाजारात पैसा मिळतो तो घडवणाऱ्याच्या नावाला आणि अभंग स्थितीला. रेने लालिक, लुई कम्फर्ट टिफनी, १९०४ मध्ये कोपनहेगनला दुकान काढणारा गेओर्ग येन्सन यांच्या घडणीत बसलेला साधा खडासुद्धा मोल मिळवून जातो. तोच खडा निनावी साखळीत असला तर जेमतेम. तुमच्या हारावर कोणाचंच नाव नाही.

आता फोटोंकडे. १८८० या सालाशी त्यांतल्या काही गोष्टी जुळत नाहीत.

सगळ्यात आधी फासा. तो खटका मागे ओढून उघडणारा, नांगीच्या आकाराचा आहे. त्याला लॉबस्टर फासा म्हणतात, आणि तो दागिन्यांत रुळला तो १९७० नंतर. जुन्या हारांचे फासे झिजतात, बदलले जातात, त्यात गैर काही नाही. पण मग ठसा नेमका कशावर आहे ते पाहा. ‘९ .३७५’ फक्त त्या नव्या फाशावर किंवा त्याला जोडलेल्या चपट्या पट्टीवर असेल, तर तो ठसा फाशाबद्दल बोलतो, हाराबद्दल नाही. फाशाजवळच्या शेवटच्या दोन-तीन कड्यांचे जोड भिंगातून बघा. मूळ जोड सोन्याच्याच रंगाचा असतो. नंतरच्या घाईच्या दुरुस्तीत शिशाचं झाळण वापरलेलं असेल तर करडा डाग दिसतो. असा डाग किंमत तर खाली आणतोच, पुढे कोणी त्यावर ज्योत धरली की शिसं सोन्यालाही खातं.

ठसाही अर्धवट आहे. ब्रिटनमध्ये ९ कॅरेट सोन्याला १८५४ पासून मान्यता आहे. पूर्ण हॉलमार्कमध्ये या आकड्यांबरोबर कारागिराची आद्याक्षरं, ठसा मारणाऱ्या शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर असतं. नांगर दिसला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड दिसलं तर लंडन. वर्षाचं अक्षर वाचता आलं की वयाचा वाद तिथेच संपतो. नाजूक इंग्रजी दागिने पूर्ण ठशाशिवायही पुष्कळ विकले गेले, म्हणून ठसा नसणं ही लबाडी ठरत नाही. पण नुसत्या आकड्यावर वयाचे पैसे द्यायचे नाहीत. पुढे कधी १५ कॅरेटचा ‘.६२५’ ठसा दिसला तर मात्र थांबून नीट बघा. ब्रिटनमध्ये तो दर्जा १८५४ ते १९३२ एवढाच चालला, त्यामुळे ठसा अस्सल असेल तर काळ आपोआप ठरतो.

आम्हाला सगळ्यात जास्त खटकतात ते डावीकडचे दोन खडे. त्यांत निळ्याबरोबर हिरवी-पिवळी झाक आहे. सात खडे एका जातीचे आणि दोन दुसऱ्या जातीचे वाटतात. असे बहुरंगी खडे बाजारात रेनबो मूनस्टोन म्हणून विकले जातात. ते रत्नशास्त्राच्या हिशेबाने लॅब्राडोराइट, म्हणजे फेल्डस्पारचाच दुसरा प्रकार, असतात, आणि दागिन्यांच्या बाजारात त्यांचा सुळसुळाट झाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा एक तर दोन खडे नंतर भरले आहेत, किंवा सगळा हारच नवा आहे. मोबाइलचा कॅमेरा रंग बदलतो हेही खरं, म्हणून फोटोवरून निकाल देत नाही. प्रत्यक्ष पाहून ठरवा.

पाहायला दुपारी जा, आणि दुकानातले वरचे झगमगीत दिवे बंद करायला सांगा. फार दिव्यांत सगळेच खडे चमकतात. एकच टॉर्च, दीड-दोन फुटांवरून, आणि हार काळ्या कापडावर. हार सावकाश डावीकडे-उजवीकडे कलता करा. खऱ्या मूनस्टोनमध्ये झाक खड्याच्या आत सरकते, एका कोनात उजळते आणि पुढच्या कोनात विझते. घासणाऱ्याने खड्याचा तळ थरांना समांतर ठेवला असेल तर झाक घुमटाच्या मध्यावर येते, तसा खडा वरच्या प्रतीचा. झाक कडेला पडत असेल तर घासणी हलकी. आता टॉर्च खड्याच्या मागे धरा. ओपलाइट नावाची काच वरून निळसर आणि मागून उजेड घेतला की नारिंगी दिसते, शिवाय तिची चमक कोन बदलला तरी जागची हलत नाही. भिंगात गोल बुडबुडे दिसले तर ती काचच. मूनस्टोनमध्ये बुडबुडे नसतात. त्यात बऱ्याचदा मधल्या रेषेला आडव्या बारीक भेगांची रांग असते, गोमेच्या पायांसारखी. ती दिसली तर नैसर्गिक मूनस्टोनची चांगली खूण समजा, दोष म्हणून भाव पाडायला वापरू नका.

भिंग १० पटींचं घ्या आणि डोळ्याला अगदी लावून धरा. दागिना भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आणा. भिंग लांब धरून वाकून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. आधी मागची बाजू. हाताने घडवलेल्या घरांच्या आतल्या अंगाला कानशीचे आणि करवतीचे ओरखडे असतात. साच्यात ओतलेल्या घरांच्या आतल्या कोपऱ्यांत बारीक खडबडीत दाणे आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, आणि नऊच्या नऊ घरं हुबेहूब एकसारखी असतात. मेणाच्या नमुन्यावरून असं ओतकाम दागिन्यांत सर्रास सुरू झालं ते १९४० च्या आसपास. मग खड्यांचे घुमट. मूनस्टोनची कठीणता मोहस् मापावर (ओरखडा न पडण्याचं माप, १ ते १०) ६ ते ६.५. शंभर वर्षं गळ्यात असलेल्या घुमटाच्या माथ्यावर बारीक चरे हवेतच. सोन्याच्या कडा झिजून गोल झालेल्या आणि खडे मात्र आरशासारखे, असं असेल तर खडे पुन्हा घासलेत किंवा बदललेत.

नखाने, सुईने, ज्योतीने परीक्षा करू नका आणि विक्रेत्यालाही करू देऊ नका. ओरखडा घालून कठीणता बघण्याची जुनी रीत या खड्याचा जीव घेते. मूनस्टोनला जवळजवळ काटकोनात दोन दिशांनी सहज फुटण्याचा गुण आहे, एक टोचा बसला की सरळ चीर जाते.

एवढं झाल्यावर जातीचा निकाल यंत्राने लावा. ज्या रत्नपरीक्षकाकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे त्याच्याकडे हार न उलगडता प्रत्येक खड्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश खड्यात शिरताना किती वळतो त्याचा आकडा, घेता येतो. मूनस्टोन १.५२ च्या आसपास येतो, रेनबो म्हणजे लॅब्राडोराइट १.५६ च्या पुढे. १.७३ आला तर तो स्पिनेल, कारखान्यात बनवलेला खडा. मूनस्टोनची नक्कल म्हणून तोही विकला गेला आहे. नऊही खड्यांचं माप घ्यायला सांगा, एकाचं घेऊन भागत नाही. मोठ्या नावाचा कागद हवा तर जीआयए आणि आयजीआय यांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. तिथे विक्रेत्याला सोबत घेऊन जा किंवा त्याच्या जबाबदारीवर पाठवा, साध्या कुरिअरने पाठवू नका. प्रयोगशाळा खड्याची जात सांगते, दागिन्याचं वय नाही. ‘सर्टिफिकेट आहे’ एवढं ऐकून १८८० पटवून घेऊ नका.

कामठीच्या अधिकाऱ्याची गोष्ट कागदाशिवाय शून्य किमतीची. त्या घराण्याचं पत्र, जुनी पावती, दुकानाचं नाव छापलेली मूळ डबी, हार गळ्यात असलेला जुना फोटो, यांतलं एक तरी हवं. नसेल तर ती गोष्ट ऐका आणि किंमत तिच्याविना ठरवा.

बिलावर १० हजार वाचवायचा मोह मात्र पूर्ण सोडा. ३ टक्के जीएसटी १ लाख ८५ हजारांवर ५,५५० रुपये होतो. तो भरून तुम्हाला मिळतो मालकीचा पुरावा, विम्याचा आधार आणि पुढच्या करहिशेबातली खरेदी किंमत. दागिना २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के भांडवली नफा कर आहे. समजा २ लाख ५० हजारांना विकला आणि बिल १ लाख ८५ हजारांचं आहे, तर कर ६५ हजारांवर, म्हणजे ८,१२५ रुपये आणि वर सेस. बिल नसेल तर खरेदी किंमत सिद्ध कशी करणार? बिलावर इतकं लिहून घ्या: एकूण वजन, सोन्याचा कस, ‘नऊ नैसर्गिक मूनस्टोन’, अंदाजे काळ, झालेल्या दुरुस्त्या, आणि तपासणीत वेगळं निघाल्यास १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत. शेवटचं वाक्य लिहायला विक्रेता तयार नसेल तर तुमचा निर्णय झालाच.

अजून एक प्रश्न त्याला तोंडावर विचारा: “हाच हार सहा महिन्यांनी तुमच्याकडे परत आणला, तर किती द्याल?” दुप्पट होणार म्हणणाऱ्याने निदान आजच्या किमतीच्या जवळचा आकडा लिहून द्यावा. गुंतवणूक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूची खरी परीक्षा हीच आहे, भिंगापेक्षा मोठी.

कायद्याची एक बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुरातन वस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरातन ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. हार खरोखर १८८० चा निघाला तर लंडनच्या लिलावातला भाव तुमच्या कामाचा नाही. तुमचा बाजार भारतापुरताच. उलट परदेशी लिलावातून मागवायचं ठरवलंत, तर बोलीवर लिलावगृहाचं कमिशन बऱ्याच ठिकाणी पाव हिश्शाच्या आसपास जातं, त्यावर पाठवणी, विमा, सीमाशुल्क आणि जीएसटी. सगळ्याची बेरीज बोली लावण्याआधी करा.

तरीही मूनस्टोन आवडतो ना? तो आवडण्यासारखाच आहे, आणि जमवायचा तर जरूर जमवा, मात्र फी बाजूला काढून उरलेल्या पैशातून, आणि सुरुवात चांदीपासून. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतले इंग्रजी हस्तकला चळवळीच्या धाटणीचे ब्रोच, लोलक, अंगठ्या चांदीत आहेत. त्यांवर चालत्या सिंहाचा ठसा (इंग्रजी स्टर्लिंग चांदीची खूण) आणि वर्षाचं अक्षर बऱ्याचदा स्पष्ट मिळतं, म्हणून शिकायला ते उत्तम. पहिल्या वर्षी दोनच नग घ्या, चिरा नसलेले, मूळ खड्यांचे. मूनस्टोनवर चंद्राचा चेहरा कोरलेले, व्हिक्टोरिया राणीच्या काळाच्या अखेरीचे नगही मिळतात. त्यांच्या नव्या नकला फार आहेत, तेव्हा त्यांच्याकडे नजर बसल्यावर वळा. राशीचे खडे विकणाऱ्या दुकानातला मूनस्टोन संग्रहात धरू नका. तिथला रत्तीचा भाव पुन्हा विकताना मिळत नाही, आणि रत्तीही एकसारखी नाही: रत्नांची पक्की रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅम, सोनारी रत्ती सुमारे १२१. कुठेही गेलात तरी वजन कॅरेटमध्ये मागा.

अंगठीचं काम लगेच करा. खडा हलतोय तोवर ती बोटात घालू नका. कारागिराला स्पष्ट सांगा की खडा जागेवर ठेवून ज्योत लावायची नाही. एका बाजूने तापला की मूनस्टोन थरांवर फुटतो. घराची कड फक्त दाबून बसत असेल तर तेवढंच, झाळण लागणार असेल तर आधी खडा काढून. बफावर उजळूही देऊ नका, आतला ठसा आणि जुनी घडण दोन्ही पुसली जातात. ‘नवा खडा बसवून देतो’ म्हणतील, त्याला नाही म्हणा. फोटोतला मळकट मलई रंगाचा खडा भारतीय मूनस्टोन वाटतो. बाजारात त्याला फार भाव नाही, पण अंगठी मूळ रूपात राहिली तरच तिचा काही अर्थ.

स्वच्छतेला कोमट पाणी, साध्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. तेही खड्याचं घर मागून उघडं असेल तरच. मागून बंद घराच्या आत पत्रा किंवा काळा लेप असतो, पाणी शिरलं की तो कायमचा बिघडतो. चिंच, लिंबू, राख, चांदी उजळायचं द्रावण, अल्ट्रासॉनिक आणि वाफ, सगळं वर्ज्य. नागपूरच्या उन्हाळ्यातली धूळ तर फार वाईट. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठीणता ७, म्हणजे मूनस्टोनहून जास्त. कोरड्या फडक्याने पुसलं की घुमटावर चरे पडतात. आधी फुंकून किंवा हवेच्या रबरी पिचकारीने धूळ उडवा, मगच ओलसर सुती कापड. मे महिन्यात दागिना बंद गाडीत ठेवून मग एकदम एसीत आणू नका, आतल्या भेगा वाढतात. प्रत्येक नग वेगळ्या सुती पिशवीत ठेवा. चांदीला रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते.

लॉकर घेणार असाल तर भाडेकरार वाचा. चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. भाडं ३ हजार असेल तर कमाल ३ लाख. नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तीही नाही. सप्टेंबर २०२३ च्या पुरात सीताबर्डी-अंबाझरी भागात पाणी शिरलं होतं, तेव्हा तळघरातला लॉकर टाळा. घरविम्यात दागिन्यांची वेगळी यादी जोडून घ्या. प्रत्येक नगाचे समोरून, मागून आणि ठशाचे फोटो, वजन आणि बिलाची प्रत त्या यादीसोबत विमा कंपनीकडे दिलेली असू द्या.